पोराला-पोरीला वकील करायचे आहे? मग हिशेब आठ वर्षांचा मांडा

बारावीचा निकाल लागतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळी मशागत उरकत आलेली असते. बी-बियाणे, खते, सोसायटीचे नवे-जुने, असे सगळे खर्च एकदम दारात उभे असतात. नेमक्या त्याच वेळी घरातले लेकरू म्हणते, ‘मला वकील व्हायचंय.’ आईला आनंद होतो, बापाच्या कपाळावर आठी पडते. कारण गावात वकील फार नसतात आणि विचारायचे कोणाला, हे कळत नाही. मग जो पहिला भेटेल त्याचा सल्ला खरा ठरतो.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट सांगतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. एक ओळखीचे शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात गुळगुळीत कागदाचे एक रंगीत पुस्तक होते. मोठ्या शहरातल्या एका खासगी विद्यापीठाचे. काचेच्या इमारती, हिरवळ, काळा कोट घातलेली हसरी मुले. तात्या म्हणाले, “वकीलसाहेब, पोरीला इथं घालतोय. विहिरीखालचं दीड एकर काढायचं ठरवलंय. इसार उद्या घेणार. तेवढा कागद बघून द्या.”

म्हणजे ते कॉलेजचा सल्ला घ्यायला आलेच नव्हते. जमिनीचा कागद दाखवायला आले होते. मी मुलीला विचारले, “पोरी, तुला व्हायचंय काय?” ती म्हणाली, “न्यायाधीश.” मग मी तात्यांना म्हटले, “कागद उद्या बघू. आधी खाली बसा, आपण एक हिशेब करू.”

तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो आहे. कारण पुढच्या उन्हाळ्यात कदाचित तुमच्या घरातही तो करावा लागेल.

पाच नव्हे, आठ वर्षे

आपली पहिली चूक अशी, की आपण फक्त कॉलेजच्या वर्षांचा खर्च धरतो. पदवी हातात आली की पोरगा कमावता झाला, असे समजतो. इतर काही शिक्षणात ते खरे असेल. वकिलीत तसे नाही. डाळिंबाची बाग लावली की पहिल्याच बहाराला कर्ज फिटेल असे कोणी शहाणा शेतकरी धरत नाही. झाड उभे राहीपर्यंतचे पाणी, खत, फवारणी तो आधीच हिशेबात घेतो. वकिलीचेही तसेच आहे.

बारावीनंतर पाच वर्षे कॉलेज. त्यानंतर निदान तीन वर्षे एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली. या तीन वर्षांत कमाई बेताची, कधी कधी फक्त जाण्या-येण्याच्या खर्चापुरती. भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली, की ज्युनिअर वकिलाला शहरात महिना निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात किती ज्युनिअरांना एवढे मिळतात, ते तुमच्या ओळखीच्या वकिलालाच विचारा. तो खरे सांगेल आणि थोडा ओशाळेलही.

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपले घाला. समजा, खासगी विद्यापीठाची फी वर्षाला तीन लाख आणि राहण्या-जेवणाचा खर्च दीड लाख. पाच वर्षांचे झाले साडेबावीस लाख. दुसरीकडे समजा, जिल्ह्याच्या अनुदानित कॉलेजची फी पंधरा हजार आणि राहण्या-जेवणाचे पंच्याऐंशी हजार. पाच वर्षांचे झाले पाच लाख. त्यापुढची तीन वर्षे दोघांनाही सारखीच. महिना खर्च चौदा हजार आणि मिळकत सहा हजार धरली, तर घरून महिना आठ हजार पाठवावे लागतील. तीन वर्षांचे होतात दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार.

ज्याने सगळी शिल्लक पहिल्या पाच वर्षांतच संपवली, त्याचे लेकरू पुढच्या तीन वर्षांत अडचणीत येते. आणि खरी वकिली तर त्याच तीन वर्षांत शिकायची असते. पदवी घेऊन, कोट शिवून, शेवटी कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहीत बसलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. बुद्धी कमी नव्हती. शेवटच्या पाण्याला विहीर आटली होती.

वाटा दोन आहेत

वकील होण्याच्या दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा आधी कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा. पहिल्या वाटेने एक वर्ष वाचते. बारावीलाच मुलाचे मन पक्के असेल, तर ती सरळ आहे.

दुसरी वाट लांबची, पण शेतकरी घराला ती पुष्कळदा सोयीची पडते. आधी जवळच्या कॉलेजात बी.ए., बी.कॉम. किंवा कृषी पदवी झाली, की हातात एक पदवी असते. तोवर मुलगाही जाणता होतो. मन बदलले, तर स्पर्धा परीक्षांची दारे उघडी राहतात. कृषी पदवीनंतर कायदा शिकलेला वकील भूसंपादन, पीक विमा, निकृष्ट बियाण्याचे दावे अशा कामांत सहज उठून दिसतो. त्याला शेत समजावून सांगावे लागत नाही.

दोन्ही वाटांना किमान गुणांची अट सारखी आहे: खुल्या वर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे लॉ सीईटी, द्यावी लागते. तिचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात. म्हणून ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून कोणी दारातूनच मागे फिरू नये. मात्र तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतात. बारावीचा निकाल पाहून मग ठरवू म्हटले, तर वर्ष हातचे जाते.

पाटी पाहू नका, मान्यता पाहा

कॉलेज पाहायला जाल तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारा: या अभ्यासक्रमाला, या वर्षासाठी, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे काय? विद्यापीठ कितीही मोठे असले, तरी १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद हवी असेल, तर कायद्याची पदवी बार कौन्सिलने मान्य केलेल्या ठिकाणचीच लागते. ‘मान्यता येणारच आहे’ असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून उठा. पाऊस येणारच आहे म्हणून कोणी धूळपेरणी करतो. पण लेकराच्या आयुष्याची धूळपेरणी करू नये. बार कौन्सिलने तर ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या कायदा महाविद्यालयांना मान्यता देणे तीन वर्षांसाठी थांबवले. तेव्हा नवीन पाटी दिसली, की अधिकच बारकाईने पाहा.

दुसरे, पत्रव्यवहाराने किंवा घरबसल्या केलेली एलएल.बी. सनदेसाठी चालत नाही. आणि काही ठिकाणी हलक्या आवाजात सांगतात, ‘हजेरीचं काळजी करू नका, फक्त परीक्षेला या.’ आपल्या लोकांना हे गोड वाटते, कारण पोरगा घरी राहून शेतही पाहील असा विचार मनात येतो. पण हा सौदा तोट्याचा आहे. वर्गात न बसलेला वकील पहिल्या उलटतपासणीत उघडा पडतो आणि तो उघडा पडतो तेव्हा नुकसान त्याच्या अशिलाचे होते. उद्या तो अशील तुमच्याच भावकीतला असेल.

तिसरे, तिथे काय शिकवतात आणि कोण शिकवतात, ते डोळ्यांनी पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. ग्रंथालयात जाऊन या नव्या कायद्यांची पुस्तके आहेत का आणि ती मुलांच्या हातात दिसतात का, ते पाहा. कपाटाला कुलूप असेल, तर समजून घ्या. तास होतात का, हे प्राचार्यांना विचारू नका. फाटकाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारा, ‘तुम्ही स्वतः दावा लिहिला आहे का? कैफियत लिहिली आहे का? कोर्टात किती दिवस बसलात?’ अभिरूप न्यायालय, कायदेविषयक मदत केंद्र, कोर्टातल्या प्रत्यक्ष भेटी हे सारे अभ्यासक्रमात आहे. चांगल्या कॉलेजात ते घडते, नुसत्या कॉलेजात ते वहीत लिहिले जाते.

मोठे विद्यापीठ कोणासाठी?

मोठ्या संस्था वाईट, असे मी म्हणत नाही. उलट त्यांची माहिती गावापर्यंत पोहोचतच नाही, ही माझी तक्रार आहे. कायद्याची राष्ट्रीय विद्यापीठे देशात विसांहून अधिक आहेत. आपल्या राज्यातच २०१४ च्या कायद्याखाली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. त्यांची प्रवेश परीक्षा निराळी, तिला क्लॅट म्हणतात. ती डिसेंबरात होते, म्हणजे मूल बारावीत असतानाच. पेपर इंग्रजीत, १२० प्रश्न आणि दोन तास. वाचनाचा वेग लागतो. फी वर्षाला लाखांत जाते. मात्र मोठ्या कंपन्या आणि मुंबई-दिल्लीच्या वकिलांच्या मोठ्या पेढ्या नोकरीसाठी मुले निवडायला प्रामुख्याने अशाच ठिकाणी येतात.

म्हणून तुमच्या मुलीचे इंग्रजी पक्के असेल, तिला कंपनी कायद्यात किंवा उच्च न्यायालयाच्या कामात रस असेल आणि क्लॅटमध्ये चांगला क्रमांक आला असेल, तर घाबरून मागे ओढू नका. तिथे घातलेला पैसा परत येण्याचा संभव खरा असतो. शैक्षणिक कर्जाची सोय आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. यादीत नसेल, तर ती का नाही, हाही प्रश्न स्वतःला विचारा.

यांच्या खालोखाल आपली जुनी नावाजलेली कॉलेजे आहेत. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ सालचे, देवराष्ट्रेसारख्या खेड्यातून आलेले यशवंतराव चव्हाण तिथेच कायदा शिकले आणि पुढे कऱ्हाडला वकिली करू लागले. या कॉलेजांची फी खासगी विद्यापीठांच्या मानाने कितीतरी कमी आहे. प्रवेश मिळवायला मात्र सीईटीत वरचे गुण लागतात. फी थोडी आणि नाव मोठे, हा मेळ जमत असेल तर तो सोडू नये.

आणि जिल्ह्याच्या कॉलेजचे काय? २०२५ च्या मे ते नोव्हेंबर या काळात देशाचे सरन्यायाधीश असलेले न्यायमूर्ती भूषण गवई हे अमरावतीचे. कायद्याची पदवी त्यांनी अमरावती विद्यापीठाचीच घेतली आणि १९८५ साली वकिली सुरू केली. त्यांच्या घरात सार्वजनिक कामाचा वारसा होता, हे खरे. प्रत्येकाला तो नसतो. पण जिल्ह्याच्या विद्यापीठाची पदवी त्यांच्या आड आली नाही, हेही तितकेच खरे.

घोळ होतो तो या तिन्ही ठिकाणी न बसणाऱ्या संस्थांशी. फी मोठ्या विद्यापीठाची आणि नाव कोणालाच ठाऊक नसलेले. जमिनी विकल्या जातात त्या बहुधा यांच्यासाठी.

कणीस पाहून उतारा ठरवू नका

अशा संस्थांच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलेले असते, ‘आमच्या विद्यार्थ्याला इतक्या लाखांचा पगार’, ‘शंभर टक्के नोकरी’. तुम्ही कृषी प्रदर्शनाला जाता. तिथे हातभर लांबीचे कणीस मांडलेले असते. ते पाहून तुम्ही एकरी उतारा ठरवता का? नाही. तुम्ही विचारता, ‘सबंध रानात किती पोती झाली?’ इथेही तेच विचारा.

गेल्या वर्षी एकूण किती मुले पास झाली? त्यांतल्या किती जणांना नोकरी मिळाली? कसली नोकरी, वकिलीची की फोनवर बोलायची? सगळ्यांत मोठा पगार सांगू नका, मधल्या मुलाचा सांगा. किती जणांनी सनद घेतली? न्यायाधीशाच्या परीक्षेत कोणी निवडले गेले का? ही उत्तरे लेखी मागा. प्रामाणिक कॉलेज देते किंवा ‘आमच्याकडे नोकऱ्या लावून देत नाहीत, मुले कोर्टात जातात’ असे सरळ सांगते. हे सरळ सांगणारे कॉलेज शंभर टक्केवाल्यापेक्षा बरे.

देणगी मागितली, तर देऊ नका. १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात अशी कॅपिटेशन फी घेणे हा गुन्हा आहे. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेली फी किती आहे, ते आधी पाहून घ्या, मगच खिशात हात घाला.

पदवीनंतर काय काय होते?

निकाल लागला की नाव नोंदवायचे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. ही सनद. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल दिला, की कायद्यात ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ती रक्कम खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते.

मग सुरू होतो खरा अभ्यास. सकाळी सीनिअरच्या कार्यालयात जायचे, फायली लावायच्या, तारखा टिपायच्या, दुपारी कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकायचे, संध्याकाळी मसुदे लिहायचे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. १९९८ पासून तसा शासनाचा आदेश आहे. इथे आपल्या मुलांना एक फायदा असतो, तो त्यांनी ओळखावा. सातबारा, फेरफार, आणेवारी, कुळकायदा, वहिवाट, बांधावरचा रस्ता, पाटाच्या पाण्याची पाळी, हे शब्द शहरी मुलाला पाठ करावे लागतात. आपल्या पोराने ते आजोबांच्या तोंडून ऐकलेले असतात. वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला २००५ पासून मुलाइतकाच हक्क आहे. अशा प्रश्नांवर गावोगाव माणसे चांगल्या वकिलाच्या शोधात फिरत असतात.

पण मराठीवर थांबू नका. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे येऊ लागली. ज्या तरुण वकिलाला इंग्रजी मसुदा नीट लिहिता येतो, त्याला तिथे काम आहे. म्हणून कॉलेजच्या पाच वर्षांत रोज एक पान इंग्रजी लिहायची सवय लावा. संगणकावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकलेखन आले पाहिजे.

पगाराच्या नोकऱ्या

सगळ्यांनाच स्वतंत्र वकिली मानवत नाही. मग पगाराची दारे कोणती?

पहिले न्यायाधीशाचे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो. सुरुवातीचा मूळ पगार ७७,८४० रुपये, भत्ते निराळे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला, की या पदासाठी आधी तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे. जाहिरात निघेल तेव्हा त्या वेळची अट नीट वाचा. पण तयारी मात्र तीन वर्षे धरूनच करा.

दुसरे सरकारी वकिलाचे. सहायक सरकारी अभियोक्त्यांची भरतीही लोकसेवा आयोगामार्फत होते. तिसरे बँकेचे. सरकारी बँकांत विधी अधिकारी घेतात. त्यासाठी पदवी आणि सनद दोन्ही लागतात आणि वय तिशीच्या आत असावे लागते. चौथे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरिबांचे फौजदारी खटले चालवण्यासाठी बचाव पक्षाचे वकील मानधनावर नेमले जातात. तरुणाला शिकायला ही जागा फार चांगली. शिवाय नगरपालिका, महामंडळे, विमा कंपन्या, साखर कारखाने यांनाही कायद्याचा माणूस लागतो.

या यादीत एक गोष्ट पाहा. यातल्या बहुतेक जागांवर परीक्षा, सनद आणि अनुभव पाहतात. कॉलेजच्या इमारतीला काच होती की कौले, हे कोणी विचारत नाही.

फीची सोय

फी भरण्याआधी चार योजनांची चौकशी करा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ पासून माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर की समाजकल्याण कार्यालयात, ते कॉलेजात विचारा. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला, जातीचे आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि पुष्कळांची फीमाफी त्या रांगेतच बुडते. एजंटाला पैसे देऊन ‘मॅनेजमेंट’च्या जागेवर प्रवेश घेतलात, तर या सवलतींवर पाणी सोडावे लागेल, हे ध्यानात ठेवा.

तात्यांनी काय केले?

आमचा हिशेब दोन तास चालला. कागदाच्या एका बाजूला साडेबावीस लाख, दुसऱ्या बाजूला पाच. खाली दोन्हीकडे तीन वर्षांचे सारखेच दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण वकीलसाहेब, लोक म्हणतील पोरीसाठी हात आखडला. पोरगा असता तर रान विकलं असतं.”

मी उत्तर देण्याआधीच मुलगी बोलली. म्हणाली, “आबा, रान विकून मी शिकले आणि पुढची तीन वर्षं तुम्ही पैसे पाठवू शकला नाहीत, तर मला घरी बसवाल. मग लग्नाचं बघाल. त्यापेक्षा रान ठेवा आणि मला आठ वर्षं द्या.”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी इसार घेतला नाही. मुलीने सीईटी दिलेलीच होती. केंद्रीय फेरीतून तिला जिल्ह्याच्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात जागा मिळाली. दाखले वेळेवर काढलेले होते, फी माफ झाली. सुट्टीत ती माझ्या कार्यालयात येते, जुने सातबारे लावते आणि कोर्टात मागच्या बाकावर बसून टिपणे काढते. ती न्यायाधीश होईलच, असे मी लिहून देणार नाही. ती परीक्षा अवघड आहे. पण न झाली, तरी ती चांगली वकील होईल आणि विहिरीखालचे दीड एकर तेव्हाही जागेवर असेल.

तुमच्या घरात हा प्रश्न आला, तर रंगीत पुस्तक बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, ज्याला शिकायचे आहे त्यालाही, सोबत बसवा. वर लिहा: काय व्हायचे आहे? खाली लिहा: पाच वर्षांचे किती, पुढच्या तीन वर्षांचे किती, आणि ते येणार कुठून? हे आकडे जुळले, की कॉलेज कोणते, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप निघते. आणि जमिनीच्या कागदाला हात घालायचाच असेल, तर तो सगळ्यांत शेवटी घाला.